आंबोलीच्या कातळावरील अतिसंकटग्रस्त भेक

वरूडच्या संत्रापट्ट्यात वर्षभरात पडतो, त्याच्या कित्येक पट पाऊस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे एका पावसाळ्यात कोसळतो. धुक्यात बुडालेल्या याच घाटमाथ्यावर ‘आंबोली टोड’ हा भेक आढळतो.

डॉ. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. अंगावरील वाघासारख्या पिवळसर पट्ट्यांवरून त्यास ‘झँथोफ्रायनी टायगरिना’ हे नाव मिळाले. याच प्रजातीतील कोयना टोड १९६३ पासून ज्ञात आहे.

पावसाळ्याच्या पहिल्या सरींबरोबर नर-माद्या जांभ्या कातळावर जमतात. मादी तेथील उथळ खळग्यांत अंडी घालते. पावसाने उघडीप दिली, की खळगे आटतात आणि अंडी, भैकेर सुकून जातात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने (आययूसीएन) या भेकाची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली आहे. वितरणक्षेत्र अत्यंत लहान असल्याने अधिवासातील थोडासा बदलही घातक ठरू शकतो. धबधबे पाहण्यासाठी पर्यटकांची गर्दी होते, ती नेमकी पावसाळ्यातच. त्या काळात रस्त्यावर आलेले भेक वाहनांखाली चिरडले जातात.

शासनाने २०२१ मध्ये आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. मात्र केवळ झाडे राखून हा प्राणी वाचणार नाही. कातळाची सडे सामान्यतः पडीक जमीन मानली जातात. या भेकाची पुढची पिढी मात्र तेथेच जन्मते. त्यामुळे सड्यांवरील बांधकाम व वाहनांची वर्दळ रोखणे, हाच त्याच्या संवर्धनाचा गाभा आहे.