मायच्या परसातलं देशी कोणतं अन् बाहेरचं कोणतं?

जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलंय, अन् परसातली झाडं आडवी येतायत. पोरगा म्हणाला, "देशी तेवढी ठेवू, बाहेरची काढू. वारसा जपला जाईल." मायनं विचारलं, "बाहेरची कोणती रे बाबू?" मग मी यादीच करायला बसलो.

पहिल्यांदा निघालं सीताफळ! नावात सीतामाय, आपल्या अजिंठ्याच्या डोंगरात रानोमाळ उगवतं, पण मूळ अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलं. रामफळही तिकडचंच. पपई, जांब (म्हणजे पेरू) तसेच. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. चिंच आफ्रिकेची, पण इतक्या जुन्या काळी आली की अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटलं. यादीत देशी उरले आवळा, बेल, कढीपत्ता, तुळस.

खरी गंमत मिरचीची. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आली. गोवा त्यांनी १५१० साली घेतला, म्हणजे येणं त्याच सुमाराचं. १५९० च्या आसपास लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त आपल्या वऱ्हाड सुभ्याची, मेहकर सरकारची नोंद आहे, लोणारचाही उल्लेख आहे. पण त्याच ग्रंथातल्या बादशाही स्वयंपाकाच्या जिनसांत मिरची नाही. तिखटपणा मिऱ्याचा अन् आल्याचा. म्हणजे आपला ठेचा तेव्हा कसा असेल, विचार करा.

आता सावता माळी. अरणचे (सोलापूर जिल्हा), समाधी १२९५ ची. मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग सगळ्यांना पाठ आहे अन् त्यात मिरची येते. पोर्तुगीज यायच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी? मला वाटतं, गाणाऱ्या पिढ्यांनी आपापल्या वाफ्यात जे होतं ते अभंगात घातलं. मला त्यात खोट दिसत नाही. मळा वाढत गेला तसा अभंगही.

पण मूळ कुठलं यापेक्षा मला काळजी वेगळीच. मायच्या मिरचीचं बी तिच्या सासूपासूनचं. पिकलेली लाल फळं निवडून वाळवायची, बियांना राख चोळून गाडग्यात ठेवायची. मिरचीत परपरागीभवन बरंच होतं. प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणापासून २०० मीटर अंतर लागतं. शेतात चहूबाजूंनी हायब्रीड. हे बी टिकलं ते परस शिवारापासून लांब, घरांच्या आडोशाला आहे म्हणून. वाफा शेतात नेला की दोन-तीन हंगामांत बी मिसळलंच समजा.

मिस्त्रीला सांगून नकाशा चार फूट सरकवलाय. पपई म्हातारी झाली, ती जाईल. सीताफळ अन् वाफा राहील. आता जाणकारांनी सांगावं, बांधकामाचा एक हंगाम वाफा मोडावाच लागला, तर फुलोऱ्यावर पातळ कापडाची जाळी टाकून शेतात बी धरता येईल का? कोणी करून पाहिलंय?