गळालेला दृष्टांत : शालेय भूमितीतल्या सिद्धतेचा प्रवास

मराठी माध्यमात शिकलेल्या कोणालाही भूमितीच्या वहीचे पान आठवत असेल. वर आकृती, तिच्याखाली ओळीने ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘रचना’, ‘सिद्धता’ आणि प्रत्येक विधानापुढे कंसात त्याचे कारण. या पानाची मांडणी ग्रीकांची आहे, तर त्यावरचे ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ हे शब्द न्यायशास्त्रातले. दोन परंपरांचा सांधा या साध्या पानावर जुळला आहे आणि तो जुळताना एक गोष्ट गळून पडली आहे. भूमिती माध्यमिक शाळेत नेमके काय शिकवते, हे त्या गळालेल्या गोष्टीवरून चांगले कळते.

आधी न्यायशास्त्राकडे पाहू. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे सर्वपरिचित उदाहरण. यात डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. दुसऱ्याला पटवण्यासाठी नैयायिक पाच अवयवांचे वाक्य मांडतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. तिसऱ्या अवयवात दृष्टांत येतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. केवळ एका स्वयंपाकघरावरून अग्नी सिद्ध होतो असे नैयायिक म्हणत नाहीत. भार असतो तो धूर आणि अग्नी यांच्या नित्यसंबंधावर, म्हणजे व्याप्तीवर. पण ती व्याप्ती जगातल्या अनुभवातून हाती येते आणि दृष्टांत तिची साक्ष देतो.

आता ग्रीकांची मांडणी. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथावर इसवी सनाच्या ५ व्या शतकात भाष्य करणाऱ्या प्रोक्लसने प्रमेयाचे सहा भाग सांगितले आहेत : विधान, दिलेल्या गोष्टींची आकृतीवर मांडणी, काय दाखवायचे त्याचा निर्देश, रचना, सिद्धता आणि निष्कर्ष. आपल्या वहीतले पान ते हेच. दुसऱ्या भागाला आपण ‘पक्ष’ म्हणू लागलो, तिसऱ्याला ‘साध्य’. यात ‘पक्ष’ शब्दाचा अर्थ सरकला. न्यायात पक्ष म्हणजे ज्याच्याविषयी काही सिद्ध करायचे ती वस्तू. भूमितीत पक्ष म्हणजे जे दिलेले आहे, मान्य धरायचे आहे, ते.

प्रोक्लसच्या सहा भागांत दृष्टांताला जागा नाही, आणि ती चुकून राहून गेलेली नाही. युक्लिडच्या पद्धतीत व्याप्तीसुद्धा अनुभवातून घेता येत नाही. ती आधीच्या प्रमेयांतून आणि गृहीतकांतूनच यावी लागते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते, हे हजार त्रिकोण कोनमापकाने मोजून सिद्ध होत नाही. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर जुळवण्याची कृती वर्गात करून घेतात. ती उपयोगी आहे, मुलांना आवडतेही. पण ती दृष्टांत आहे, सिद्धता नव्हे.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नाही. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून ९० अंशांच्या अंतराने दोन रेखावृत्ते विषुववृत्तापर्यंत ओढली, तर जो त्रिकोण होतो त्याचे तीनही कोन काटकोन असतात. बेरीज २७० अंश! कागद फाडणाऱ्या हाताला याचा पत्ता लागत नाही. सिद्धता लिहिणाऱ्याला मात्र लागू शकतो, कारण त्याने शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढलेली असते आणि व्युत्क्रम कोन समान मानलेले असतात. म्हणजे सारे प्रमेय समांतर रेषांच्या गृहीतकावर उभे आहे, हे त्याच्या वहीत लिहिलेलेच असते. गोलावर ते गृहीतक टिकत नाही, म्हणून प्रमेयही टिकत नाही. विधान खरे आहे एवढेच सिद्धता सांगत नाही. ते कशाच्या आधारावर खरे आहे, हेही सांगते.

यावरून आपल्याकडे सिद्धता नव्हतीच, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि भास्कराचार्यांच्या नियमांच्या उपपत्ती दिल्या. वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी ते वर्तुळाचे दोन अर्ध करतात, प्रत्येकाच्या सुईसारख्या निमुळत्या फाका पाडतात आणि त्या एकमेकांत बसवतात. अर्धा परीघ ही लांबी आणि त्रिज्या ही रुंदी असलेला आयत समोर येतो. ही उपपत्ती बुद्धीला पटते आणि पुष्कळ काही शिकवते. फरक आहे तो बांधणीचा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असलेली, मुळाशी मोजकी गृहीतके असलेली लांबलचक साखळी हा युक्लिडचा विशेष.

ही साखळी आपल्याकडे दोन वाटांनी आली. पहिली जयपूरची. सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात नसीरुद्दीन तूसीच्या अरबी आवृत्तीवरून युक्लिडचे १५ अध्याय ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणले. प्रस्तावनेत युक्लिडचे नाव नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, अशी परंपरा तेथे दिली आहे. हा ग्रंथ पंडितांपुरता राहिला. दुसरी वाट मुंबईची. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या मदतीने चार्ल्स हटन यांच्या गणितग्रंथावरून मराठी पुस्तके तयार केली. हटन वुलिचच्या लष्करी अकादमीत प्राध्यापक होते आणि त्यांचा ग्रंथ तोफखान्याच्या व इंजिनियरांच्या विद्यार्थ्यांसाठी होता. मुंबई सरकारलाही मोजणी करणारी, नकाशे काढणारी माणसे हवी होती.

मोजणीदाराला मात्र सिद्धता लागत नाही. ३३ फुटांची साखळी, काटकोन पाहायचा शंकू आणि एक गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, एवढ्यावर त्याचे काम चालते. ‘भूमिती’ या शब्दाचा अर्थच जमिनीचे माप. विषयाच्या नावात मोजणी आणि पोटात सिद्धता, हा ताण सुरुवातीपासून आहे. ‘याचा उपयोग काय?’ हा विद्यार्थ्यांचा प्रश्न त्या ताणातूनच येतो.

परीक्षेने हा ताण आणखी वाढवला. इंग्लंडमध्ये युक्लिडची प्रमेये त्याच क्रमाने लिहावी लागत, म्हणून मुले ती पाठ करत. भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी तेथे १८७१ मध्ये संस्था निघाली. ‘ॲलिस’चा कर्ता लुइस कॅरॉल, म्हणजे गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, यांनी १८७९ मध्ये युक्लिडच्या बचावासाठी पुस्तक लिहिले. १९०१ मध्ये ग्लासगोच्या सभेत इंजिनियर जॉन पेरी यांनी मोजणे, कापणे, आलेख काढणे यांची बाजू जोरात मांडली आणि १९०३ मध्ये केंब्रिजने युक्लिडच्या क्रमाची सक्ती सोडली. योगायोग असा की, जगन्नाथांचे ‘रेखागणित’ मुंबईत छापून निघाले ते १९०१-०२ मध्येच. संस्कृत युक्लिड ग्रंथालयात आला, तेव्हा इंग्रजी युक्लिड वर्गाबाहेर निघाला होता.

क्रमाची सक्ती गेली, पण क्रमाचे महत्त्व गेले नाही. समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात, हे प्रमेय घ्या. आपली पुस्तके शिरःकोनाचा दुभाजक काढतात आणि बाकोबा कसोटीने चार ओळींत काम संपवतात. पहिल्या अध्यायाच्या पाचव्या प्रमेयात युक्लिड मात्र बाजू वाढवून बराच लांबचा वळसा घेतो. का? कोन दुभागण्याची रीत त्याच्याकडे नवव्या प्रमेयात येते. नववे आठव्यावर, आठवे सातव्यावर आणि सातवे याच पाचव्यावर टेकलेले आहे. दुभाजक वापरला असता तर जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरल्यासारखे झाले असते. आपल्या पुस्तकांत हा दोष येत नाही, कारण ती बाकोबा कसोटी सिद्धतेशिवाय स्वीकारतात. हिल्बर्टनेही १८९९ मध्ये या कसोटीचा गाभा गृहीतकांतच घातला. दोन्ही वाटा चालतात. आपण कोणत्या वाटेने आलो, ते ठाऊक असले म्हणजे झाले.

वर्गात मात्र नेमके हेच सांगायचे राहून जाते. प्रमेय ‘येते’ म्हणजे ते पाठ असते. कंसातली कारणेही पाठ असतात. मग मोठेपणी कोणी एक उदाहरण फेकून सबंध समाजाविषयी किंवा गावाविषयी सिद्धांत मांडतो, तेव्हा भूमितीत पैकीच्या पैकी गुण मिळवलेला माणूसही मान डोलावतो. आपल्या व्यवहारात दृष्टांताशिवाय चालत नाही आणि चालवूही नये. पण दृष्टांत साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे. नववी-दहावीचे वय हा फरक कळण्याचे आहे, आणि शाळेच्या वेळापत्रकात तो इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा विषय नाही. अभ्यासक्रम हलका करताना सिद्धता कमी करायच्या असतील, तर त्या खुशाल कमी कराव्यात. उरतील त्यातली एक तरी अशी शिकवावी, की प्रत्येक ओळीपाशी थांबून मुलाने विचारावे, हे कशावरून, आणि त्याच्या आधीचे कशावरून?