मृतांची वाट कुणी अडवू नये : कोलोनच्या ज्यू कबरस्थानाची कथा

आपल्या बेने इस्राएल समाजाची कथा दफनापासून सुरू होते. जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेल्या बाकीच्यांना त्यांनी नवगावला माती दिली, अशी आपली परंपरा सांगते. मशीद नंतर आली, हिब्रू प्रार्थना नंतर शिकलो. पहिले काम केले ते मृतांचे. म्हणूनच जर्मनीतील कोलोन शहराच्या ज्यूंचा इतिहास आम्हाला आपल्या घरचा वाटतो.

इ.स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने कोलोनच्या ज्यूंना नगरसभेवर घेण्यास परवानगी दिली. आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडील ज्यूंचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख. पुढे १०९६ साली धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्या ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यूंवर तुटून पडल्या. कोलोनच्या आर्चबिशपने आपल्या शहरातील ज्यूंना आसपासच्या गावांत लपवले. पण टोळ्या तिथेही पोचल्या. एका शहराचे लोक अनेक गावांत मेले. आता त्यांच्यासाठी शोक कोणी करायचा?

ऱ्हाइनकाठच्या जमातींनी याचे उत्तर मिळून शोधले. मारल्या गेलेल्यांची नावे गावांसह वह्यांत लिहिली आणि ती मशिदीत ठराविक शब्बाथांना वाचली जाऊ लागली. ज्याच्या मागे कुणी उरले नाही, त्याचेही नाव सगळ्या जमातीने घ्यायचे. आई-बापासाठी मुलाने कदिश म्हणण्याची रीतही मध्ययुगात याच भागात रुजली. आज आपण दिमोना असो वा लंडन, कदिश म्हणतो त्यात या लोकांच्या दुःखाचा वाटा आहे.

कोलोनच्या दक्षिण तटाबाहेर ज्यूंचे जुने कबरस्थान होते. तिथे दूरदूरच्या गावांतूनही मयत आणली जाई, कारण लहान गावांत चार-दोनच घरे, स्वतःचे कबरस्थान कुठले! वाटेत जकातदार अडवत असतील तर दुःखी माणसाने काय करावे? १२६६ साली आर्चबिशप एंगेलबर्ट दुसरा याने ज्यूंना सनद दिली : ज्यू कुठेही आणि कसाही मरण पावला असो, त्याचे शव या कबरस्थानात आणताना जकात घेऊ नये. कबरस्थानाजवळ गुन्हेगारांना फाशी देऊ नये, असेही तिच्यात होते. ही सनद दगडावर कोरली गेली आणि तो दगड आजही कोलोनच्या प्रसिद्ध कॅथेड्रलमध्ये आहे.

दगड टिकला, वचन मात्र टिकले नाही. १३४९ च्या प्लेगच्या वर्षी ज्यूंची वस्ती जाळली गेली. कबरस्थान उद्ध्वस्त झाले आणि कबरींचे दगड लेखेनिखच्या किल्ल्याच्या बांधकामात गेले. १३७२ मध्ये ज्यू परतले. १४२४ मध्ये त्यांना कायमचे हाकलले. मग त्यातले काही नदीपलीकडे डॉइट्झला राहू लागले. शहरात राहायला बंदी, तरी १६९५ पर्यंत मृतांना त्याच जुन्या कबरस्थानात नेले जात होते. त्या वर्षी डॉइट्झलाच नवी जागा मिळाली. सियोनी विचारवंत मोझेस हेस पॅरिसला १८७५ साली वारला, पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला डॉइट्झला आपल्या घरच्यांजवळ माती दिली. १९६१ मध्ये त्याच्या अस्थी इस्राएलात किनेरेतला आणल्या.

१९१८ पासून बोकलेम्युंडचे कबरस्थान सुरू झाले. जुन्या कबरस्थानाच्या जागी घाऊक बाजार बांधायचा म्हणून १९३६ मध्ये तिथले अवशेष बोकलेम्युंडला हलवले गेले. दोन वर्षांनी रोनश्ट्रासवरची मशीद जाळली गेली. ती १९५९ मध्ये पुन्हा उभी राहिली, आणि कदिश पुन्हा म्हटला जाऊ लागला.

वाचकहो, हे सारे आम्ही का सांगतो? आपणही आता त्या चार-दोन घरांच्या गावांसारखे झालो आहोत. कोकणात गावोगाव विखुरलेले होतो, तरी आडनावातले गाव आपल्याला जोडून ठेवत होते. मयत झाली की निरोप जाई, माणसे चालत येत, पहिले जेवण शेजारी आणत. परदेशात एखाद्या शहरात एकटेच बेने इस्राएल कुटुंब असते. तिथे मिन्यानला दहा माणसे कोण जमवील? आपल्या चालीवर हश्काबा कोण म्हणेल?

एका शहराला हे जमत नाही, पण एका प्रदेशाला जमते, हे कोलोनने शिकवले. प्रत्येक शहरात निरोप घेणारा एक माणूस असावा. स्थानिक जमातीच्या हेवरा कदिशाशी, म्हणजे मृताला स्नान घालून कफन नेसवणाऱ्या मंडळींशी, त्याची आधीच ओळख असावी. आणि प्रत्येक घराने एक वही ठेवावी : नाव, बापाचे नाव, मूळ गाव, मृत्यूची हिब्रू तारीख, कबरीची जागा. ज्यांचे मागे कुणी नाही त्यांचीही नावे त्यात असू द्या. नवगावच्या कबरींवर नावे नाहीत. आताच्या माणसांची नावे तरी आपल्या हातून हरवू नयेत.