जलशाची शाळा : गाणारे आणि शिकवणारे आपले शाहीर



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार शब्द लिहा, असा समितीचा निरोप आला. मी गिरणीतला माणूस. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते विहाराच्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन, रात्रपाळी करून आल्यावर झोप येईपर्यंत. तेव्हा विद्वानाचा लेख म्हणून हे वाचू नये. वस्तीतल्या एका माणसाने वस्तीशी केलेली ही बोलणी आहेत.

गेल्या १४ एप्रिलला माझ्या नातीने मला विचारले, "आजोबा, तुम्हाला भीमगीतं कुणी शिकवली?" मी पटकन म्हणालो, "कुणी नाही, ऐकून ऐकून आली." रात्री पडल्या पडल्या लक्षात आले की मी पोरीला खोटे सांगितले. आम्हाला शिकवणारे होते. दिवसा कामावर जायचे आणि संध्याकाळी आम्हाला घेऊन बसायचे. त्यांचा इतिहास आपण लिहिला नाही. तो थोडा तरी लिहावा म्हणून हा लेख.

आपला नाशिक जिल्हा म्हटला की काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. २ मार्च १९३० रोजी तो सुरू झाला. परमपूज्य बाबासाहेबांचे नेतृत्व आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांची बांधणी. लढा कित्येक वर्षे चालला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण त्या काळी खेड्यापाड्यातल्या माणसाला हे कळत कसे होते, याचा विचार आपण करतो का? 'जनता' पत्र १९३० सालीच निघाले, पण गावकुसाबाहेर वाचता येणारा एखादाच. वर्तमानपत्र पोचले तरी त्यातला मजकूर पोचेलच असे नव्हते. तिथे पोचला तो आंबेडकरी जलसा.

जलशाचे एक मोठे नाव म्हणजे भीमराव कर्डक. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्यातले पुष्कळ जण घोटाळा करतात. भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा कर्डक वेगळे. आडनाव एक, माणसे दोन. भीमराव आधीच्या पिढीचे. त्यांचा जलसा नाशिक जिल्हा युवक संघाच्या नावाने ओळखला जाई. पोटासाठी मुंबईला गेलेल्या आपल्या जिल्ह्याच्या माणसांची ही ताकद. पुढे भीमरावांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून निदान काही तरी कागदावर राहिले. बाबासाहेब या जलशांना आपल्या सभा-भाषणांच्या तोडीचे मानत, अशी आठवण जुने कार्यकर्ते नेहमी सांगत आले.

जलशाचे अंग तमाशाचेच होते. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, चालीही लोकांच्या कानावरच्या. बदलले ते आतले. तमाशात सुरुवातीला गणपतीचा गण, मग गौळण. जलशाने ते देव काढले आणि तिथे बाबासाहेबांना वंदन आणले. गौळणीची थट्टामस्करी गेली. वगाच्या जागी सावकार, दारू, मंदिरप्रवेश, पोरांचे शिक्षण, मेलेली जनावरे ओढणे असे विषय आले. त्याआधी सत्यशोधकांच्या जलशांनी ही वाट पाडून ठेवली होती. आपल्या कलावंतांनी ती पुढे नेली. ज्या कलेमुळे समाज त्यांना हलके समजत होता, तीच कला त्यांनी समाजाला शहाणे करायला लावली. ही लहान गोष्ट नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या जलशांत गाणारे कोण होते? पोटभर बिदागी घेणारे गवई नव्हते. गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारी माणसे होती. पाळी सुटली की चाळीच्या खोलीत नाहीतर पटांगणात तालीम. नवीन पोरगा आला की त्याला पहिल्याच दिवशी गायला उभे करत नसत. आधी झील धरायची. मुख्य गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ओळीचा शेवट उचलायचा. मांडीवर हाताने ताल धरायचा. केरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा अंगात भिनल्या की मग एखादे कडवे मिळायचे. बोलताना अडखळणारा पोरगा संवाद पाठ करता करता चारचौघांत बोलायला शिके. ज्याला वाचता येई तो न येणाऱ्याला पद सांगून पाठ करून घेई. जलसा लोकांसमोर उभा राही एक रात्र, तालीम मात्र महिनोन् महिने. तेव्हा तालीम हीच खरी शाळा होती, असे मी म्हणतो.

या शाळेत माणूस कसा घडतो याचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी त्यांचा जन्म झाला. शाळेचे तोंड पाहिले नाही. मुंबईत आले, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले, मिळतील ती कष्टाची कामे केली. कुणीतरी त्यांना पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही, ही गोष्ट दादांच्या मनाला फार लागली, असे सांगतात. मग देहलवी मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत दादा जोडाक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत केले. त्यानंतर साठ वर्षे हा माणूस गात फिरला. हजारो गीते लिहिली. १५ मे २००४ ला त्यांचे निर्वाण झाले.

देहलवी मास्तरांनी जे शिकवले त्याची फी किती घेतली असेल? मला वाटते, दादांनी ती फी पुढे आयुष्यभर फेडली. ते गावोगाव गेले आणि जिथे गेले तिथे शिष्य केले. वहीत गाणे उतरवून घ्या, चाल अशी धरा, हा शब्द इथे तोडू नका. आज महाराष्ट्रात भीमगीते म्हणणारी किती मंडळी दादांना गुरू मानतात पाहा. बरीचशी कष्टकरीच आहेत. कुणी रिक्षा चालवतो, कुणी गवंडीकाम करतो. आणि त्यांच्याही हाताखाली कुणीतरी झील धरायला शिकलेला असतो.

आपल्याकडेच असे झाले असे नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक काढले, तेही कामगार वस्त्यांतच वाढले. तिकडे अमेरिकेत टेनेसी राज्यात हायलँडर नावाची कामगारांची शाळा १९३२ मध्ये सुरू झाली. तिथे झिल्फिया हॉर्टन नावाच्या बाई कामगारांना गाणी शिकवीत. १९४५-४६ ला चार्ल्स्टन गावच्या तंबाखू कारखान्यात संप झाला. त्यात काळ्या कामगार बाया होत्या, आपल्या सिन्नरच्या विडी कामगार बायांसारख्याच. संपात त्या एक जुने भजन आपल्या पद्धतीने म्हणत. ते झिल्फियाबाई त्यांच्याकडून शिकल्या आणि मग दुसऱ्यांना शिकवू लागल्या. तेच गाणे पुढे जगभर गेले. आपली मुले शाळेत 'होंगे कामयाब' म्हणतात ना, ते त्याचेच हिंदी रूप. शिकवणाऱ्या बाईंनी आधी कामगार बायांकडून शिकून घेतले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या शाहिरांचीही रीत तीच.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि ते गावाकडे परत आले. येताना एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि गाण्यांच्या दोन वह्या. वहीत गाण्याच्या डोक्यावर चाल लिहिलेली असायची, म्हणजे कुठल्या सिनेमाच्या गाण्यावर म्हणायचे ते. संध्याकाळी ओट्यावर आठ-दहा पोरे जमवायचे. मी त्यातलाच एक. आवाज माझा बेताचा, म्हणून मला कायम झीलच. तेव्हा राग यायचा. आता कळते की सभेत उभे राहून बोलायचा धीर मला त्या झिलीने दिला.

आता एक कबुली द्यायची आहे. स्मरणिकेत आपण आपले चांगलेच लिहितो, पण हे लिहिल्याशिवाय लेख खरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका जयंती मंडळाचा खजिनदार होतो. आमच्याकडे एक शाहीर दर रविवारी मुलांना गाणे आणि ढोलकी शिकवायला यायचे. दिवसा घरांना रंग द्यायचे काम. पावसाळ्यात कामच नसायचे. मुले अकरा. त्या वर्षी जयंतीला आम्ही डीजे ठरवला आणि त्याला आगाऊ रक्कम दिली. त्याच आठवड्यात शाहीर म्हणाले, "ढोलकीचं कातडं फाटलंय, बदलायला थोडे पैसे द्या. आणि जमलं तर माझ्या येण्या-जाण्याचं बघा." मी काय म्हणालो? "अहो, समाजाचं काम आहे. यात पैसा कसला मागता?"

ते काही बोलले नाहीत. ढोलकी त्यांनी पदरच्या पैशाने दुरुस्त केली. पुढचे दोन महिने आले, मग येणे बंद झाले. अकरा मुले आपापल्या घरी गेली. डीजेवाल्याला मी समाजाचे काम म्हणून फुकट बोलावले नव्हते. जो भिंती हादरवून एका रात्रीत निघून जातो त्याला आगाऊ पैसे, आणि जो पोरांच्या अंगात ताल उतरवतो त्याला उपदेश. हा हिशेब माझ्या वहीत आहे आणि तो चुकलेला आहे.

हे मनात सलत असताना मी त्रिरश्मी लेणीवर गेलो होतो. आपल्या नाशिककरांचे कसे होते, लेणी दारात म्हणून वर्षानुवर्षे जाणे होत नाही. तिथल्या १० नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची गोष्ट. नुसते लेणे खोदून देऊन तो थांबला नाही. त्याने ३००० कार्षापणांचा अक्षयनिधी ठेवला. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर खर्च चालवायचा. आणि ही रक्कम ठेवली कुणाकडे? गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे! म्हणजे आमच्याच धंद्याच्या पूर्वजांकडे. माझ्यासारख्या सूत कातणाऱ्याचे डोळे तिथे ओले झाले, हे सांगायला लाज वाटत नाही.

त्यातला हिशेब बघा. २००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. महिन्याला २० झाले, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. बरोबर २४० होतात. बाकीचे १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने, भिक्खूंच्या बाकी खर्चासाठी. सगळे दगडावर कोरून ठेवले आहे, उद्या कुणी नाही म्हणू नये म्हणून.

धम्म शिकवणाऱ्या भिक्खूला अंगावर वस्त्र लागते, हे त्या लोकांना कळत होते. धम्माचे काम आहे, तुम्हाला चीवर कसले लागते, असे कुणी म्हणाले नाही. विणकरांची पत इतकी होती की राजाच्या जावयाने पैसा त्यांच्या भरवशावर ठेवला. मग आपली वस्ती आपल्या शाहिराचा एवढा भरवसा घेऊ शकत नाही काय?

म्हणून या वर्धापनदिनी माझी समितीला आणि सर्व कुटुंबांना हात जोडून विनंती आहे. विहारात मुलामुलींचा गाण्याचा वर्ग पुन्हा सुरू करण्याचे चालले आहे, ते चांगलेच आहे. पण तो दयेवर चालवू नका. शंभर घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर पाच हजार जमतात. त्यातून शिकवणाऱ्याचे मानधन, ढोलकीचे कातडे, पेटीची दुरुस्ती, सगळे निघते. काही रक्कम बाजूला ठेवून तिचा अक्षयनिधी करावा. हिशेब दर पौर्णिमेला वंदनेनंतर वाचून दाखवावा आणि विहाराच्या भिंतीवर लावावा. डीजेचा खर्च कमी करायचा की नाही, ते ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडतो. निदान आधी शिकवणाऱ्याचे द्यावे, मग बाकीचे बघावे.

आणि वर्गात मुलींना पुढे बसवावे. माझ्या वडिलांच्या ओट्यावर एकही मुलगी नव्हती, ही त्या शाळेची मोठी उणीव होती. ती आपण भरून काढू.

त्या रंगकाम करणाऱ्या शाहिरांकडे मी मागच्या महिन्यात गेलो होतो. वय झाले आहे, आता शिडीवर चढवत नाही. चहा घेताना मी चूक कबूल केली. ते हसले आणि आतून ढोलकी घेऊन आले. कातडे अजून तेच होते, त्यांनी पदरचे पैसे घालून बसवलेले. म्हणाले, "रविवारी येतो, पण पोरं वेळेवर पाहिजेत." मी म्हणालो, "आधी मानधनाचं बोलू."

माझ्या नातीचे नाव मी पहिले घातले आहे. तुमच्या घरातले कोण येणार, ते समितीकडे कळवावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!