नवी कर प्रणाली की जुनी? पगार अन् शेती दोन्ही असणाऱ्यांनी आधी हे बघा

वाशिम : आपल्याकडे एकाच माणसाला झेडपी शाळेचा पगार येतो अन् सोयाबीनचे पैसेही. कर प्रणाली निवडताना गोंधळ तिथंच होतो.

२०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी पाहिजे असेल तर तसं सांगावं लागतं. २०२५-२६ चा हिशोब बघा. पगार ९ लाख असेल तर नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन कर शून्य, कारण १२ लाखांपर्यंत सूट आहे. जुनीत ५० हजारांची वजावट, अडीच हजार व्यवसाय कर अन् एलआयसी, पीपीएफचे दीड लाख धरूनही ५४,०८० रुपये भरावे लागतात. म्हणजे नुसता कर वाचवायला मार्चमध्ये पॉलिसी काढली, तर नवीत तिचा काही उपयोग नाही.

पगार १५ लाख असेल तर जुनी परवडायला एकूण वजावट ५ लाख ९४ हजारांच्या वर पाहिजे. घरकर्ज नसेल तर एवढी जमवणं अवघडच.

आता शेती. ते उत्पन्न दोन्हीत करमुक्त आहे, पण ५ हजारांच्या वर गेलं की पगारावरचा कर काढताना हिशोबात धरतात. वजावटीनंतर पगार बरोबर १२ लाख अन् शेतीचे निव्वळ २ लाख असले, तर नवीतही २०,८०० रुपये कर निघतो. हे कोणी सांगत नाही!

पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते, मात्र जुनीसाठी रिटर्न ३१ जुलैच्या आत भरा. दुकान, धंदा असणाऱ्यांनी जुनी घेतली तर नवीत एकदाच परत येता येतं; मग सहसा पुन्हा जुनी मिळत नाही.