हिरवा बंब: न झालेल्या युद्धासाठी बांधलेली गाडी

बंब म्हटलं की डोळ्यांसमोर लाल गाडी येते. आजच्या भागातली गाडी हिरवी आहे, ब्रिटनची. लोक तिला 'ग्रीन गॉडेस' म्हणतात.

काळ शीतयुद्धाचा. शहरावर अणुबॉम्ब पडला तर जमिनीखालचे पाण्याचे पाईप फुटणार. मग आग विझवायची कशाने? म्हणून १९५३ ते १९५६ या काळात सरकारने बेडफर्ड ट्रकवर हे बंब बांधून घेतले आणि ऑक्झिलरी फायर सर्व्हिस या स्वयंसेवकांच्या दलाला दिले. पंप मिनिटाला साधारण ४,००० लिटर पाणी फेकायचा. टाकीतलं पाणी अर्ध्या मिनिटातच संपणार! पण भरवसा टाकीवर नव्हताच. नदीपासून शहरापर्यंत एकामागे एक बंब उभे करायचे आणि होजने पाणी पुढे ढकलत न्यायचं, अशी योजना होती.

ते युद्ध झालंच नाही. १९६८ मध्ये दल बरखास्त झालं आणि बंब गोदामात गेले.

बाहेर आले ते संपात. नोव्हेंबर १९७७ मध्ये अग्निशमन जवानांनी ३० टक्के पगारवाढीसाठी संप केला. तो नऊ आठवडे चालला. आग विझवायला सैनिक आले, याच गाड्या घेऊन. २००२ च्या संपातही तेच, ८०० हून जास्त बंब! तोवर गाडी जवळपास पन्नाशीची. पॉवर स्टिअरिंग नाही, वेग ताशी जेमतेम ७० किलोमीटर, अपघातात चेपलेली कार कापायची हायड्रॉलिक साधनं गाडीवर नाहीत. आत अडकलेल्या माणसासाठी हा फरक जीवन-मरणाचा होता.

मी बॅकएंडवर काम करतो. आमच्याकडेही बॅकअप सिस्टिम असते, बहुतेक वेळ नुसती बसून. म्हणून मला या गाडीचं वाटतं: बॅकअप 'आहे' एवढं पुरत नाही. तो आजच्या संकटासाठी आहे की पन्नास वर्षांपूर्वीच्या, हेही बघावं लागतं.

नंतर सरकारने हे बंब विकले. काही आफ्रिकेत गेले, काही हौशी लोकांनी घेतले. किलोमीटर कमी असले, तरी उभी गाडीही झिजते. जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये बसतो, रबर तडकतं, पंपाचं पॅकिंग सुकतं. रंग मारणं सोपं, खरी परीक्षा पंपाची. हा पंप स्वतःहून हवा ओढू शकत नाही. आधी प्रायमरने सक्शन होजमधली हवा काढायची, मग बाहेरच्या हवेचा दाब तळ्यातलं पाणी वर ढकलतो. कुठे बारीकशी गळती असली तरी पाणी चढत नाही.

म्हणून अशी गाडी दुरुस्त झाली का, हे तिच्या चकाकीवरून ठरवू नका. तळ्याकाठी उभी करा आणि पंप चालवून बघा.

भेटू पुढच्या भागात!