मासा, माशी आणि आमिष

‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. त्यावरून गळाला लावायचं ते आमिष, आणि मग नोकरीचं, पैशाचं, लग्नाचं. मांस न खाणारा तो निरामिष. आता गळाला गांडूळ नाही, कोळंबी नाही, नुसतं कोंबड्याचं पीस आणि रंगीत दोरा गुंडाळलाय, तर त्याला काय म्हणायचं? निरामिष आमिष! इंग्रजीत त्याला ‘फ्लाय’, म्हणजे माशी म्हणतात, आणि ती फेकून मासा पकडण्याचा खेळ आता भारताच्या खाड्यांपर्यंत आलाय.

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघालं की कोवळमच्या अलीकडे अशीच एक खाडी लागते, मुट्टुकाडूची. खाडीच्या तोंडाला तमिळमध्ये ‘मुगत्वारम’ म्हणतात. आपलं मुखद्वारच ते. उत्तरेला पळवेर्काडु. युरोपीयांच्या तोंडी त्याचं पुलिकत झालं. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, त्यामुळे उन्हाळ्यात या पाण्यात गोडं मिसळत नाही, खारटपणा चढत जातो. जिताडा इथे कोडुवा होतो, रावस काला होतो. 15 एप्रिल ते 14 जून पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते (कोकणात ती जून-जुलैत येते), पण काठावर गळ घेऊन बसणाऱ्याला कोण अडवणार?

या माशीचं कूळ शोधत गेलं की सगळे जण एका रोमन लेखकापाशी थांबतात. इलियन त्याचं नाव. इसवी सन 200च्या आसपास त्याने लिहून ठेवलं की मॅसिडोनियात अ‍ॅस्ट्रेअस नावाच्या नदीवर लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याची दोन पिसं बांधतात. का? तिथले मासे ज्या खऱ्या माशीवर झडप घालतात, ती हातात धरली की तिचा रंग उतरतो आणि ती वाया जाते. म्हणून नकली. ही झाली गोड्या पाण्याची माशी. खाऱ्या पाण्यातली तिची पणती मात्र माशी उरलीच नाही. खाडीतला जिताडा किडे खात बसत नाही, तो बोईट आणि कोळंबी गिळतो. म्हणून पिसं लांब बांधायची, पाण्यात ती लहान माशासारखी वळवळली पाहिजेत. अमेरिकेत लेफ्टी क्रे यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस अशी एक बांधली आणि तिचं नाव ठेवलं ‘डिसीव्हर’, फसवी. 1991 साली ती तिथल्या टपाल तिकिटावरही आली. म्हणजे नाव माशी आणि सोंग माशाचं. मराठीत हे सांगायला गेलं की जीभ अडखळते, तो दोष मराठीचा नाही.

फेकण्याची रीतही उफराटी आहे. साध्या गळात वजन टोकाला असतं, शिसं भिरकावलं की दोर मागून जातो. माशीला वजनच नाही, म्हणून दोर जाड आणि जड करतात. फेकायचा तो दोर, माशी त्याच्यामागून फरफटत जाते. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो दोर नवख्याच्याच कानाशी येतो. सकाळच्या शांत पाण्यात मासा कुठे फिरतोय हे दाखवायला सोबत स्थानिक माणूस हवा. आज त्याला गाइड म्हणतात. इंग्रज अमदानीतले साहेब त्याला ‘शिकारी’ म्हणत.

या साहेबांपैकी एकाचं नाव घ्यायलाच हवं. मद्रास सनदी सेवेतले हेन्री सलिव्हन टॉमस. 1870 साली त्यांनी दक्षिण कानडा जिल्ह्यातल्या मत्स्यसंवर्धनावर अहवाल लिहिला, 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ काढलं, आणि 1887 साली गावतळ्यांतल्या मासेमारीवर आणखी एक पुस्तक. महसीर माशाच्या नादी लागलेले लोक अजून त्यांचा दाखला देतात. त्यामुळे सर्वसाधारण समज असा, की काठी घेऊन मजेखातर मासे धरणं हे साहेबानेच आपल्याला शिकवलं.

इथे मी थोडा भांडणार आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ सांगितला. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, मराठी मुलुखाला लागून. या ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत (भागात) राजाच्या करमणुकी आहेत, आणि त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा अख्खा अध्याय. मासे समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे कोणते, काठी कशी, दोर कशाचा, कोणाला काय चारायचं, सगळं आलंय. इंग्लंडमधलं गळावरचं पहिलं छापील पुस्तक 1496चं, म्हणजे साडेतीनशे वर्षांनी धाकटं.

पण राजाची रीत वेगळी. एक जागा ठरवायची, तिथे माशांना आधी पिठाचे गोळे खिलवायचे, ते रुळले की मग गळ टाकायचा. आधी जेवण, मग दगा! माशीवाला जेवण वगळतो. सोमेश्वराकडे माशी नाही, ती पाहुणीच. खेळ मात्र घरचा.

त्याच्या यादीत ‘सोर’ हा समुद्री मासा येतो. तेलुगूत शार्क म्हणजे सोर्रा, तमिळमध्ये सुरा. चेन्नईत याच माशाचा सुरा पुट्टु करतात. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1951 साली मत्स्यविनोदाच्या अध्यायावर लेख लिहून त्यातली नावं ओळखायचा प्रयत्न केला. मूळ संस्कृत ग्रंथ गजानन श्रीगोंदेकरांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी संपादित केला. पहिला भाग 1925चा. संस्कृत येणारे आपल्याकडे पुष्कळ, गरवायला जाणारे त्याहून पुष्कळ. दोन्ही येणारा कोणी वाचक असेल, तर त्याने मत्स्यविनोदाचं टिपांसह मराठी भाषांतर करावं. मालवणच्या एखाद्या गाबित मच्छीमाराला शेजारी बसवून.